स्कॅन नॉर्मल आला, तरी यात्रेतली कुस्ती नको

सांगलीत प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका मुलीचं पत्र आलं आहे. नाव आणि गाव छापू नका, असं तिनं लिहिलंय. पलूस तालुक्यातलं गाव, एवढंच सांगते. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग असा:

‘माझा धाकटा भाऊ सतरा वर्षांचा आहे. तालमीत राहून कुस्ती करतो. तीन आठवड्यांपूर्वी सरावात जोडीदारानं ढाक लावली आणि त्याचं डोकं मॅटबाहेरच्या फरशीवर आपटलं. बेशुद्ध पडला नाही, पण बराच वेळ एकच प्रश्न विचारत होता, “माझी कुस्ती झाली का?” एकदा उलटी झाली. मिरजेला नेऊन सीटी स्कॅन केला, तो नॉर्मल आला. आता वरून सगळं ठीक दिसतं, पण दुपारनंतर डोकं धरून बसतो, वाचलेलं लक्षात राहत नाही, आईवर खेकसतो, रात्री उशिरापर्यंत टक्क जागा असतो. पुढच्या आठवड्यात गावची यात्रा आहे आणि फडात त्याची कुस्ती ठरली आहे. वस्ताद म्हणतात, “पैलवानाचं डोस्कं हाय ते, आपटल्याबिगर घट व्हतंय व्हय?” वडील द्राक्षबागेच्या व्यापात आहेत. स्कॅन नॉर्मल आलाय म्हटल्यावर त्यांच्या लेखी विषय संपला. मी मात्र संशोधनाचे लेख वाचत बसले. उंदरांच्या डोक्याला हलका मार दिला, तर वर्षानंतरही त्यांची स्मरणशक्ती कमी भरली, असं वाचलं आणि झोप उडाली. भावाचं असंच होणार का? की उंदरांवरून माणसाचं काही सांगताच येत नाही? आणि ताई, खरं सांगू का, त्या उंदरांचंही वाईट वाटलं. त्यांना इजा करून मिळवलेल्या माहितीवर मी विसंबावं का?’

प्रिय मुली,

तातडीचं आधी सांगते. ही कुस्ती होता कामा नये. नुसत्या नारळाच्या बक्षिसावरचीसुद्धा नाही, ओळखीच्या पोराबरोबर नुसती दाखवायची असली तरीही नाही. तू लिहिलेल्या सगळ्या खुणा कन्कशनच्या आहेत, म्हणजे डॉक्टर ज्याला सौम्य मेंदूइजा म्हणतात त्याच्या. तीन आठवडे झाले तरी त्या गेलेल्या नाहीत. याच आठवड्यात त्याला सांगलीत किंवा मिरजेत मेंदूविकारतज्ज्ञाकडे ने. आणि एक नीट लक्षात ठेव: डोकेदुखी वाढत चालली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, झटका आला, हातापायातली ताकद कमी झाली, बोलणं अडखळलं किंवा त्याला जागं करणं जड जाऊ लागलं, तर अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही. सरळ इस्पितळ गाठायचं.

आता स्कॅनचं. सीटी स्कॅन त्या दिवशी केलात ते योग्यच केलंत. कवटीला तडा गेलाय का, आत रक्त साकळलंय का, हे त्यात दिसतं. यातलं काही असतं तर जिवावर बेतलं असतं. ते नाही, हा मोठा दिलासा आहे. पण कन्कशनमध्ये बिघडतं ते मेंदूतल्या पेशींचं काम, आणि काम कसं चाललंय ते सीटीच्या चित्रात उमटत नाही. म्हणूनच बहुतेक कन्कशनमध्ये स्कॅन नॉर्मलच येतो. तालमीत ज्याचे कान फुटलेत तो पैलवान लांबूनही ओळखू येतो. मेंदूच्या माराची अशी खूण बाहेर दिसत नाही, त्यामुळे वस्तादांचा आणि तुझ्या वडिलांचा समज होणं साहजिक आहे. त्यांच्यावर रागावू नकोस.

आत काय बिघडतं, हे आपल्याला कळलं ते जवळजवळ सगळं प्राण्यांकडून. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढून कोणी पाहत नाही, आणि कन्कशन झालेला माणूस सहसा मरतही नाही. १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये डेनी-ब्राऊन आणि रसेल या दोघांनी मुख्यतः मांजरांवर प्रयोग करून दाखवलं की डोकं पक्कं आवळून ठेवलं, तर जो फटका सहन होतो, तोच फटका डोकं मोकळं असताना कन्कशन घडवतो. म्हणजे नुसत्या आदळण्यापेक्षा डोक्याला बसणारा हिसका जास्त घातक. दोनच वर्षांनी तिथल्याच होलबर्न या भौतिकशास्त्रज्ञानं जिलेटिनचे मेंदू बनवून मांडलं की डोकं गर्रकन फिरलं की आतला मऊ भाग पिळवटतो, आणि नुकसान तिथं होतं. हे वस्तादांना जरूर सांग, कारण त्यांना ते चटकन कळेल: टाचेखालची जमीन सुटून गडी गरकन फिरून पडतो, तेव्हा डोकं जमिनीला नुसतं घासून गेलं तरी मान आणि मेंदूला हिसका बसलेला असतो. टेंगूळ आलं नाही म्हणजे मार बसला नाही, असं मुळीच नाही.

१९८३ साली अमेरिकेत पॉवलिशॉक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पुन्हा मांजरांवरच, आणि तेही किरकोळ इजेवर, काम केलं. तोवर असा समज होता की मेंदूतले लांब तंतू फटक्याच्या क्षणीच तुटतात. त्यांना दिसलं ते वेगळंच. तंतू त्या क्षणी अखंड असतो. मग त्यातून होणारी ने-आण कुठं तरी अडते, त्या जागी तो फुगत जातो आणि काही तासांनी तिथं तुटतो. सगळे तंतू तुटत नाहीत, पुष्कळ सावरतात. तू प्राणिशास्त्राची, तुला यातलं मोल सांगायला नको: मेंदूची इजा हा एका क्षणात आटपणारा प्रकार नसून पुढं चालू राहणारी प्रक्रिया आहे, हे या कामानं पक्कं केलं.

त्यापुढचं काम लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातलं, होव्डा, गिझा, प्रिन्स या मंडळींचं. बेशुद्ध केलेल्या उंदरांना मार दिल्यावर पेशींच्या पटलातून पोटॅशियम बाहेर पडतो, कॅल्शियम आत घुसतो. ही घडी पूर्वीसारखी बसवायला पेशींना भरपूर ऊर्जा लागते, म्हणून सुरुवातीला त्या ग्लुकोज हपापल्यासारखं वापरतात. पण त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडलेला असतो. मग उलटा काळ येतो. ग्लुकोजचा वापर घसरतो आणि प्रौढ उंदरांत आठवडा-दहा दिवस तसाच मंद राहतो. बाहेरून उंदीर हिंडतो, खातो, चढतो, सगळं ठीक दिसतं. आत मात्र मेंदू तंगीत असतो.

आणि इथंच तुझ्या भावाला लागू पडणारी गोष्ट आहे. २०१३ साली प्रिन्स आणि सहकाऱ्यांनी किशोरवयीन उंदरांना एक हलका मार दिला आणि त्यातल्या काहींना दुसरा मारही दिला. हा दुसरा मार काहींना २४ तासांनी दिला, काहींना १२० तासांनी. २४ तासांनी, म्हणजे ग्लुकोजचा वापर अजून घसरलेला असताना ज्यांना दुसरा मार बसला, त्यांची अवस्था कितीतरी बिघडली. १२० तासांनी, म्हणजे तो पूर्ववत झाल्यावर ज्यांना बसला, त्यांच्यात दोन मारांची अशी बेरीज झाली नाही. मार तेवढाच, वयही तेच. फरक फक्त मध्ये मिळालेल्या अवधीचा.

वडिलांना हे समजावायला बागेचाच दाखला पुरेल. छाटणीनंतर नुकत्या फुटलेल्या कोवळ्या डोळ्यांवर गार पडली तर काय होतं आणि तीच गार जून काडीवर पडली तर काय, हे त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा नीट ठाऊक आहे. तुझ्या भावाची डोकेदुखी, विसराळूपण, चिडचिड आणि झोपेची मोडलेली घडी सांगते आहे की त्याचा मेंदू अजून कोवळ्या अवस्थेत आहे.

आता ज्या लेखानं तुझी झोप उडाली, त्याकडे येते. अशा प्रकारच्या प्रयोगात उंदराला पातळ कागदावर किंवा फॉइलवर ठेवतात, वरून नळीतून वजन सोडतात, कागद फाटतो आणि उंदीर खाली पडताना त्याचं डोकं फिरतं. मग त्याला पाण्याच्या गोल हौदात सोडून, पाण्याखाली लपलेला आधार तो किती लवकर शोधून काढतो, हे मोजतात. ही चाचणी रिचर्ड मॉरिसनं १९८१ च्या सुमारास तयार केली आणि आजही तीच सर्रास वापरतात. या पद्धतीचं जे काम मला माहीत आहे, त्यात उंदरांना एक नव्हे, पाच-पाच मार दिलेले होते. ज्यांना रोज किंवा दर आठवड्याला मार बसला, ते वर्षभरानंतरही मागे पडले. पण ज्यांना महिन्याच्या अंतरानं तेवढेच मार बसले, ते मार न बसलेल्या उंदरांच्या बरोबरीनं पोहले. तुझा लेख पुन्हा उघड आणि मार किती होते, दोन मारांत अंतर किती होतं, ते पद्धतीच्या भागात वाच. निष्कर्षाच्या दोन ओळींत हे येत नाही. तुझ्या भावाला एकदा मार बसला आहे. त्या उंदरांच्या रांगेत त्याला उभं करू नकोस.

मात्र ‘उंदरात महिनाभर लागला म्हणून माणसालाही महिनाच’ असा हिशेबही करायचा नाही. उंदीर जगतो दोनेक वर्षं. त्याचं एक वर्ष म्हणजे अर्धं आयुष्य, आणि त्याचा महिना आपल्या कॅलेंडरवर कुठं बसवायचा याचं धड गणित नाही. घरातल्या लहान उंदराचा मेंदू जेमतेम अर्धा ग्रॅम, प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराचा दोनेक ग्रॅम, आपला तेराशे-चौदाशे. उंदराचा मेंदू गुळगुळीत, आपला घड्या पडलेला. एवढ्या लहान गुळगुळीत मेंदूला माणसासारखा पीळ बसवणं अवघड असतं. म्हणून काही प्रयोगशाळा डुकरांवर काम करतात, कारण त्यांच्या मेंदूला घड्या असतात. शिवाय प्रयोगातले उंदीर एका जातीचे, एका वयाचे, बहुतेक वेळा फक्त नर, आणि मार बसताना भूल दिलेले. तालमीतला पोरगा भुलेखाली नसतो.

या फरकाची मोठी किंमत संशोधकांनी मोजली आहे. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकानं उंदरांच्या मेंदूची सूज कमी होते, ते लवकर सावरतात, असं वर्षानुवर्षं दिसत होतं. मग मध्यम आणि गंभीर मेंदूइजेच्या दोन हजारांहून जास्त रुग्णांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. २०१४ मध्ये निकाल आले आणि फायदा शून्य निघाला. त्यामुळे कोणी तुला ‘मेंदू लवकर भरून काढणारी’ गोळी किंवा पावडर सुचवली आणि उंदरांवर सिद्ध झाल्याचं सांगितलं, तर पैसे घालवू नकोस. बदाम, दूध, तूप हा त्याचा नेहमीचा खुराक चालू दे, पण त्यावर डोकं बरं होण्याची भिस्त ठेवू नका.

मग उंदरांचं ऐकायचं कशात आणि नाही कशात? जे अनेक प्रयोगशाळांत, वेगवेगळ्या प्राण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आणि माणसांच्या अनुभवाशी जुळलं, ते घ्यायचं. पहिल्या माराची लक्षणं असताना दुसरा मार घातक, ही गोष्ट त्यातली. औषधाचा डोस, दिवसांची संख्या, दहा वर्षांनी काय होईल याचं भाकीत, यातलं काही उंदरावरून उचलायचं नाही. कन्कशन वारंवार झालेल्या मुष्टियोद्ध्यांना पुढं विस्मरण आणि कंप होतो, हे मार्टलंड या अमेरिकी डॉक्टरनं १९२८ मध्येच लिहून ठेवलंय. तो धोका वर्षानुवर्षं डोक्यावर मार खाणाऱ्यांचा. एका पडण्यावरून तुझ्या भावाच्या म्हातारपणाची चिंता करू नकोस.

उंदराला डोकं दुखतंय हे सांगता येत नाही. तुझ्या भावाला येतं. म्हणून एक काम तूच करशील असं वाटतं: वडील आणि वस्ताद नसताना त्याला शांतपणे विचार, याआधी कधी डोक्याला मार लागून अंधारी आली होती का, घटकाभर काही आठवेनासं झालं होतं का? पोरं हे लपवतात, कुस्ती बंद होईल या भीतीनं. काही निघालं तर डॉक्टरांना जरूर सांग, त्यांचा निर्णय त्यावर बदलू शकतो.

त्याला अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवायचं का? नाही. इथंही प्राण्यांनी अर्धी वाट दाखवली आणि उरलेली माणसांनी. ग्रिसबाख आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये पाहिलं की इजेनंतर लगेच चाकावर पळू दिलेल्या उंदरांचा मेंदू सावरायला मागे राहतो आणि दोन आठवड्यांनी पळू दिलेल्यांचा सुधारतो. यावरून पूर्ण विश्रांतीच बरी असं पुष्कळांना वाटलं. पुढं मुलांवर नीट चाचण्या झाल्या. २०१९ मध्ये लेडी आणि सहकाऱ्यांच्या चाचणीत, १३ ते १८ वयाची जी मुलं दुखणं वाढणार नाही इतपत हलका व्यायाम लवकर सुरू करत होती, ती साधारण १३ दिवसांत बरी झाली. नुसते अंग ताणण्याचे (स्ट्रेचिंगचे) व्यायाम करणाऱ्यांना १७ दिवस लागले. आता जगभरचे क्रीडावैद्यक सांगतात: पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाइल कमी, मग हळूहळू हालचाल.

तुझ्या भावाचे ते दिवस कधीच उलटून गेलेत. डॉक्टरांना विचारून त्याला रोज सकाळी शेताच्या रस्त्यानं चालायला पाठव. डोकं जास्त दुखायला लागलं की थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी थोडं कमी चालायचं. ते जमलं की हळू पळणं, मग एकट्यानं डावांच्या हालचाली, मग जोर-बैठका आणि दोर. खाली डोकं करून मारायचे जोर सुरुवातीला नकोत, त्यानं डोकेदुखी उसळते. एका पायरीवर किमान एक दिवस, आणि लक्षणं परत आली तर एक पायरी मागे. अभ्यास आधी पूर्ववत व्हायला हवा, कुस्ती त्यानंतर. जोडीदाराशी अंगझोंबी मात्र डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्यावरच. झोपेसाठी रोज एकाच वेळी उठवायचं आणि रात्री फोन दुसऱ्या खोलीत. चार आठवड्यांच्या पुढं लक्षणं रेंगाळली तर त्यावर स्वतंत्र उपचार असतात, मानेचे, डोळ्यांच्या हालचालींचे, डोकेदुखीचे. म्हणून तज्ज्ञाकडे जायला आता उशीर नको. बहुतेक मुलं यातून पूर्ण बरी होतात, हे त्याला स्पष्ट सांग. ‘माझ्या डोक्यात कायमचं काही तरी झालं’ या भीतीनंही झोप जाते आणि चिडचिड वाढते.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाला मी टाळणार नाही. तुला त्या उंदरांचं वाईट वाटलं, हे बरंच आहे. या क्षेत्रात क्रूरपणा झालेला आहे. १९८४ मध्ये पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या डोक्याच्या इजेच्या प्रयोगशाळेतल्या चित्रफिती प्राणिमित्र कार्यकर्त्यांनी बाहेर काढल्या. जखमी बबून माकडांची तिथले लोक थट्टा करताना त्यात दिसले. पुढच्या वर्षी सरकारनं पैसे थांबवले आणि ते काम बंद पडलं. त्याच गटाच्या माकडांवरच्या प्रयोगांतून मेंदूतले तंतू ठिकठिकाणी विखरून तुटण्याबद्दल आज आपण जे शिकवतो, त्यातलं बरंच आलेलं आहे. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीनं दुसरी पुसली जात नाही. आपल्याकडे १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली प्रत्येक संस्थेत प्राणी नीतिसमितीची मंजुरी लागते. रसेल (हे मांजरांच्या प्रयोगातले रसेल नव्हेत) आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली कसोटी तीच आहे: प्राण्याशिवाय होत असेल तर तसं करा, कमी प्राण्यांत होत असेल तर कमी वापरा, आणि वेदना शक्य तितकी टाळा.

माझं मत विचारशील तर, जे प्रयोग झाले त्यातलं ज्ञान नाकारून त्या एकाही प्राण्याचं दुःख कमी होत नाही. पण ते ज्ञान हाताशी असताना पोराला पुढच्या आठवड्यात फडात उतरवणं, हे मात्र मला अक्षम्य वाटतं. पुढं तू स्वतः संशोधनात गेलीस तर याच प्रश्नासह जा, आणि उंदरावर काम करावं लागलंच तर जुना प्रश्न नव्यानं विचारण्यासाठी एकही प्राणी वाया घालवू नकोस.

आता घरचं. वडिलांशी तू एकटीनं वाद घालू नकोस. तू कितीही लेख दाखवलेस तरी पोरीचं पुस्तकी ज्ञान म्हणून ते बाजूला ठेवतील. डॉक्टरांकडे जाताना त्यांनाच सोबत घेऊन जा आणि हा प्रश्न त्यांनाच विचारायला लाव: ‘याला यात्रेत लढवू का?’ उत्तर त्यांच्या कानांनी ऐकू दे. वस्तादांचा मान राखून, डॉक्टरांची चिठ्ठी वडिलांच्या हातून त्यांच्याकडे जाऊ दे. हिंदकेसरी मारुती माने यांच्या कवठेपिरानसारखी गावं ज्या जिल्ह्यात आहेत, तिथल्या वस्तादाला आपला पट्ठा दहा वर्षं लढावा असंच वाटतं, हे धरून बोला. त्यांना सांगा की तो यंदा लढणार नाही, पण फडात त्यांच्या शेजारी बसून कुस्त्या बघायला येईल. त्यातही हलगीच्या कडकडाटानं डोकं दुखू लागलं तर लगेच घरी आणायचा. आणि यात्रा कमिटीला आजच फोन करून जोडीतून त्याचं नाव काढून घ्या. ऐनवेळी पंचांनी नाव पुकारलं आणि समोरचा गडी लांग चढवून उभा असला, तर सतरा वर्षांच्या पोराला ‘नाही’ म्हणणं जड जाईल.